ससून डॉकचा वास आणि ओखीचा पाऊस

मी शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांनी काढलेला समुद्र म्हणजे खाली निळा पट्टा, वर अर्धा सूर्य आणि बाजूला वाकलेलं नारळाचं झाड. खरं सांगायचं तर त्यापलीकडचं काही मीही त्यांना दाखवलेलं नाही. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला समुद्र सुट्टीतच भेटतो. त्यामुळे मुंबईत मासळीच्या धक्क्यावर चित्रांचं प्रदर्शन भरलंय असं आतेबहिणीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी चार दिवसांची रजा टाकली. हे २०१७ सालच्या डिसेंबरातलं. तेव्हाची वही परवा कपाटात सापडली, त्यावरून लिहिते आहे.

रविवार, ३ डिसेंबर

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरले आणि टॅक्सीने गिरगावात आत्याकडे गेले. त्या दिवशी दत्तजयंती होती. आत्याच्या स्वयंपाकघरात सुंठवड्यासाठी खोबरं किसणं चाललं होतं. मी कुठे निघाले ते ऐकून तिचा हात थांबला.

"आज? मासळीबाजारात?"

"बाजारात नाही गं, प्रदर्शनाला."

"ससून डॉकला ना? मग बाजारच तो. आल्यावर आधी मोरीत जा, मग घरात फिर."

मामा हसले. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात. त्यांची उभी हयात माझगाव गोदीत फिटर म्हणून गेली. ते म्हणाले, "डॉक शोधायला पत्ता लागत नाही. कुलाब्याला बसमधून उतर आणि नाकाच्या मागे चालत सुट."

खरंच तसं झालं. बसमधून उतरल्यावर आधी वास भेटला, मग फाटक. ओल्या बर्फाचा, डिझेलचा, कोळंबीच्या सालांचा आणि त्याखाली मुरलेला काहीतरी जुना, खारट वास. पहिली दहा मिनिटं नाकाला पदर, नंतर तो कधी सुटला ते कळलंही नाही.

हा धक्का १८७५ सालचा. बगदादहून आलेल्या ज्यू घराण्यातल्या अल्बर्ट ससून यांनी समुद्रात भर घालून बांधलेला. काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी ज्यांच्या नावाची, त्यांचे हे चिरंजीव. तेव्हा इथे कापसाच्या गाठी चढत-उतरत. पुढे तो पोर्ट ट्रस्टकडे गेला आणि कापूस जाऊन मासळी आली. आता मुंबईच्या मोठ्या मासळी बंदरांपैकी हे एक. दीडशे वर्षांच्या घरात आलेलं हे प्रदर्शन पाहुण्यासारखं, नोव्हेंबर ते डिसेंबरअखेर एवढ्यापुरतं. भरवणारी संस्था 'स्टार्ट इंडिया', म्हणजे दिल्लीच्या लोधी कॉलनीच्या भिंती रंगवणारी मंडळी. देशोदेशींच्या चित्रकारांना बोलावून त्यांनी इथल्या जुन्या गोदामाच्या खोल्या वाटून दिल्या होत्या.

मला आत जायची घाई नव्हती, कारण बाहेरच्या भिंतीच सुटत नव्हत्या. तिथे माणसांचे चेहरे लावले होते, काळे-पांढरे आणि माणसाच्या उंचीपेक्षा मोठे. जेआर नावाच्या फ्रेंच कलावंताने २०११ मध्ये 'इनसाइड आउट' हा उद्योग सुरू केला. वस्तीतल्या माणसांचे फोटो काढायचे, कागदावर मोठे छापायचे आणि त्याच वस्तीच्या भिंतीवर खळीने चिकटवायचे. इथे ते धक्क्यावरच्या माणसांचे होते. कोळणी, हमाल, बर्फवाले, कोळंबी सोलणाऱ्या बायका. कुणी खदाखदा हसतंय, कुणी डोळे वटारलेत. एका आजींनी नाकातली नथ दिसावी म्हणून मान थोडी तिरकी केली होती. फोटोतल्या त्या तिरक्या मानेपाशी मी बराच वेळ उभी होते. पोझ द्यायला त्यांना कुणी शिकवलं नसणार. ती त्यांचीच.

आणि त्या चेहऱ्यांच्या समोरून खरे चेहरे ये-जा करत होते. डोक्यावर पाटी, पायात रबरी बूट, तोंडाने "बाजू, बाजू!" मी वाटेत उभी होते हे माझ्या लक्षात यायला दोन पाट्यांचं पाणी अंगावर गळावं लागलं.

आत सिंगापूरच्या टॅन झी शी यांचं 'प्लॅस्टिक ओशन' होतं. छतापासून प्लॅस्टिक टांगलेलं: बाटल्या, पिशव्या, डबे, झाकणं, हजारोंनी. आपण खालून चालायचं आणि वर बघायचं, समुद्राच्या तळाशी असल्यासारखं. उजेड वरून झिरपत येतो आणि ते सगळं चक्क सुंदर दिसतं. इथेच माझं घोडं अडलं. खाली माणसं ओळीने सेल्फी काढत होती आणि मीही एक काढला. धुतलेल्या प्लॅस्टिकला वास नसतो, त्यामुळे बाहेरून इथवर आलेला वासही या खोलीत आल्यावर विसरायला होतो. कलाकृती चांगलीच होती, पण फार स्वच्छ होती. वहीत मी त्या रात्री लिहिलंय: 'कचरा एवढा देखणा दिसायला नको होता.'

वासाचा प्रश्न संस्थेच्या लोकांनाही पडला असावा. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, हनीफ कुरेशी, मुळात अक्षरं रंगवणाऱ्या पेंटरांच्या नादाने या क्षेत्रात आलेला माणूस. त्यांनी इथे ससूनच्या वासालाच विषय केलं होतं. ज्याच्यामुळे कुलाब्याची शिष्ट मंडळी गाडीच्या काचा वर करतात, तोच इथे नाकाने बघायला ठेवलेला. ही कल्पना मला सगळ्यांत आवडली. हनीफ २०२४ मध्ये गेले, तेव्हा मला आधी ती खोली आठवली.

संध्याकाळी घरी आले. आधी मोरी, मग सुंठवडा.

सोमवार, ४ डिसेंबर

"ताई, पाचला उठायचंय," असं आतेबहिणीने बजावलं होतं. ती प्राणिशास्त्र शिकलेली. त्याच वर्षी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने काही हौशी आणि जाणत्या लोकांनी ओहोटीच्या वेळी खडकांवर फेऱ्या काढायला सुरुवात केली होती. तिने एक फेरी केली होती आणि तेव्हापासून ती घरात कुणालाच धड झोपू देत नव्हती.

वेळेचं गणित मामांनी घातलं. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. आज प्रतिपदा, म्हणजे एकाला पाऊण, भरती पाऊण वाजता. मग ओहोटी सव्वासहा तास आधी, साडेसहाच्या सुमारास. पौर्णिमा कालचीच असल्यामुळे उधाण मोठं, आणि पाणी जेवढं चढतं तेवढंच उतरतंही. मोबाइलवरच्या तक्त्यात आणि मामांच्या तिथीत थोड्याच मिनिटांचा फरक निघाला. मामांनी तक्त्याची चूक काढली.

हाजी अलीला उजाडता उजाडता पोचलो. दर्ग्याची वाट उघडी पडली होती आणि तिच्या बाजूचे काळे खडकही. कठड्यावरून बघितलं तर चिखल, शेवाळ आणि पिशव्या. "खाली बस. आणि पाच मिनिटं हलू नकोस," आतेबहीण म्हणाली.

दोन खडकांच्या मधे परातीएवढं पाणी साचलेलं. आधी काहीच दिसेना. मग एक शंख चालायला लागला. आत खेकडा होता, भाड्याच्या घरातला. मग खडकावरचा हिरवट गालिचा नीट दिसला. तो शेवाळाचा नव्हता, बटणाएवढ्या शेकडो तोंडांचा होता आणि प्रत्येक तोंडाला बारीक झालर. हे झोअँथिड, प्रवाळांचे चुलत भाऊ. त्यांच्या कडेला एक समुद्रफूल. मी पेन्सिलीची सावली त्याच्यावर पाडली तर ते मुठीसारखं मिटलं. पलीकडे एक बाई लोखंडी आकडीने कालवं फोडत होती. ठक्, उलटं, डब्यात. ठक्, उलटं, डब्यात. आम्ही वाकून बघतोय याचं तिला नवल वाटलं असावं, पण ती काही बोलली नाही. पाणी परत चढायच्या आत तिचा डबा भरायला हवा होता.

मी त्या परातीएवढ्या पाण्याची तीन रेखाचित्रं काढली. निळा रंग लागलाच नाही. मातकट हिरवा, विटकरी, जांभळट काळा.

याच किनाऱ्यावर पुढच्या वर्षी कोस्टल रोडच्या कामाला सुरुवात झाली आणि नंतर, २०२० मध्ये, प्रवाळांच्या काही वसाहती उचलून कुलाब्याकडे हलवण्यात आल्या. ती तीन चित्रं मी फ्रेम करून ठेवली आहेत.

तिथून वरळी कोळीवाडा. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून मोटरसायकल आली तर आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. टोकाला किल्ला, आणि किल्ल्यावरून वांद्र्याकडे गेलेला सागरी सेतू. सेतूचा फोटो सगळे काढतात, मी खालच्या होड्यांचा काढला. एरवी या वेळी निम्म्या होड्या पाण्यात असत्या. त्या दिवशी सगळ्या किनाऱ्याला होत्या, कारण ओखी वादळाचा इशारा आलेला.

होडी रिकामी उभी आहे म्हणून एक पोरगा नाळेवर तिचं नाव रंगवत बसला होता. वय वीस-बावीस. डाव्या हातात ऑइलपेंटचा डबा, उजव्या हाताची करंगळी फळीला टेकवलेली, म्हणजे ब्रश थरथरणार नाही. 'आई एकवीरा.' आधी खडूने दोन रेघा मारलेल्या. अक्षरं तो खालून वर भरत होता आणि शिरोरेखा शेवटी ठेवलेली. मी मुलांना नेमकं उलटं शिकवते, आधी रेघ ओढा आणि मग तिला अक्षरं टांगा. त्याला विचारलं.

"आधी रेघ मारली का अक्षर तिला लटकतंय," तो म्हणाला. "शेवटी मारली का सगळ्यांना पकडून ठेवतंय. होडी हलते ना, म्हणून."

या युक्तिवादावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ससून डॉकच्या चित्रांबद्दल त्याला माहीत होतं, पण बघायला गेला नव्हता. "तिकडं फॉरेनचे लोक आलेत म्हणं. आमच्या होड्या कुणी बघत नाय." हे तक्रारीने नाही, सहज. मग समोर हात करून त्याने होणारा रस्ता कुठून येणार ते दाखवलं. होड्या बाहेर काढायची वाट तिथूनच आहे, आणि खांब जवळजवळ आले तर वाऱ्याच्या दिवशी होडी आपटणार, असं त्याचं म्हणणं. ते भांडण पुढे पाच वर्षं चाललं. खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं, ते १२० करायला सरकारने २०२२ च्या डिसेंबरात मान्यता दिली.

निघताना आभाळ भरून आलं होतं. "रंग वाळेल का?" मी विचारलं. त्याने आकाशाकडे न बघता ब्रश थिनरमध्ये बुडवला. "नाय वाळला तर परत मारू."

शिरोरेखा अजून व्हायची होती.

मंगळवार, ५ डिसेंबर

रात्रीपासून पाऊस. डिसेंबरात! शाळांना सुट्टी जाहीर झाली, चाळीतली पोरं गॅलरीत नाचली. माझे बेत पाण्यात गेले. वर्सोव्याला वलांडीवर वाळत घातलेले बोंबील बघायचे होते, ते राहिले. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडाही राहिला. तिथले शिल्पकार पराग तांडेल आणि कादंबरी कोळी यांनी 'तांडेल फंड ऑफ अर्काइव्हज' या नावाने आपल्याच जमातीच्या वस्तू आणि आठवणी जमवल्या आहेत. हे मला नंतर कळलं. बाहेरचा येऊन चित्र काढण्यापेक्षा ही तऱ्हा मला जवळची वाटते.

दिवसभर खिडकीपाशी बसून मामांच्या गोष्टी ऐकल्या. टीव्हीवर केरळ-तमिळनाडूच्या हरवलेल्या मच्छीमारांच्या बातम्या. त्यांच्या ६८ बोटी आणि ९५२ माणसं वाऱ्याबरोबर सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागून वाचली होती, हे ऐकल्यावर आत्याने देवापुढे साखर ठेवली. मासळी बाजारात नको म्हणणारी तीच आत्या.

बुधवार, ६ डिसेंबर

पाऊस थांबला. आज महापरिनिर्वाण दिन, म्हणून दादरला गेले. चैत्यभूमी अगदी पाण्याच्या काठावर आहे हे गर्दीत विसरायला होतं. १९५६ साली बाबासाहेबांचे अंत्यसंस्कार याच चौपाटीवर झाले. शिवाजी पार्कात चिखल झाला होता. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या माणसांची पालिकेच्या शाळांमध्ये सोय केलेली. पुस्तकांच्या स्टॉलवर एक तरुण भिजलेल्या पुस्तकांची पानं एकेक करून सोडवत होता, मधे वर्तमानपत्राचे कपटे घालत होता. मी दोन भिजलेली पुस्तकं घेतली. त्याने किंमत कमी सांगितली, मी पुरी दिली.

मग वाळूवर उतरले आणि थबकले.

वाळू नव्हतीच. ओखीने रात्रभरात समुद्र उपसून किनाऱ्यावर आणून टाकला होता. चपला, थर्माकोल, पाण्याच्या बाटल्या, शांपूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, तुटक्या जाळ्यांचे गुंते, औषधांची झाकणं. घोट्याएवढा थर, चालताना पायाखाली फुटणारा. मुंबईच्या किनाऱ्यांवरून दोन दिवसांत सुमारे ८० टन कचरा निघाला, असं नंतर छापून आलं. त्या वेळी आकडा कुणाला माहीत नव्हता. सफाई कामगार फावड्यांनी ढीग करत होते आणि डंपर येऊन भरून जात होते.

रविवारी छताला टांगलेलं बघितलं तेच हे, पण इथे खालून वर बघायची सोय नव्हती. शिवाय याला वास होता.

त्या थरात एक सोनेरी तुकडा चमकला म्हणून उचलला. गणपतीच्या मुकुटाचा कोपरा, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा. तीन महिने समुद्रात राहून सोनेरी रंग जसाच्या तसा. हा रंग मी ओळखते. दर श्रावणात आमच्या शाळेत मूर्ती रंगवण्याची कार्यशाळा असते, तेव्हा दुकानदाराला मीच सांगते, "न उडणारा द्या." तुकडा कुठे ठेवावा कळेना. ढिगात टाकवेना, बरोबरही नेववेना. शेवटी एका सफाई कामगार बाईंनी हात पुढे केला. त्यांच्याकडे एक वेगळी गोणी होती, तीत असे तुकडे, तसबिरींच्या चौकटी, कलशाचे नारळ. "हे वेगळं ठेवायला कुणी सांगितलं?" मी विचारलं. "कुणी नाही," त्या म्हणाल्या आणि पुढे वाकल्या.

दुपारी पुन्हा ससून डॉक. प्रदर्शन बघायचं नव्हतं, आत्याने जवळा आणायला सांगितला होता. दत्तजयंती झाली होती.

वादळाने बोटी अडकलेल्या, त्यामुळे धक्का बोटींनी गच्च आणि काम मात्र थंड. भिंतीवरचे चेहरे भिजून सुरकुतले होते. नथवाल्या आजींचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता. त्यांच्या खालीच एक कोळीण सुकटीच्या पाट्या मांडून बसली होती.

"मावशी, तुमचा फोटो कुठला यातला?"

"माझा नाय. फोटोवाले आले त्या दिवशी मी गावाला गेलेली. जाऊबाईचा हाय, तो बघ, वर. आता सगळ्यांना सांगत फिरते." मग भाव न सांगताच तिने जवळा मापात ओतला. "घे. हा पावसाआधीचा हाय, कोरडा. परवा घातलेला सगळा भिजला, बोंबील पन गेले."

मी दादरच्या किनाऱ्याचं सांगितलं. किती कचरा, काय काय. तिने ऐकून घेतलं.

"तुमी आज बघितला," ती म्हणाली. "आमच्या जाल्यात रोज येते. मासळी वेचायची का पिशव्या वेचायच्या? खलाशी पिशव्या काढून काढून परत पान्यात टाकतात. काय करनार, बोटीत जागा कुठे हाय?"

मग ती उठली, सुटलेला कोपरा तळहाताने भिंतीवर दाबून बसवला आणि ओल्या हाताने दोनदा थोपटला. तो काही चिकटला नाही. तिने खालचा एक दगड उचलून कागदाच्या कडेला टेकवून ठेवला.

रात्री महालक्ष्मी. जवळा तीन पिशव्यांत बांधून बर्थखाली सरकवला होता, तरी कल्याण यायच्या आत समोरचे गृहस्थ इकडेतिकडे बघू लागले.

"कसला हो वास येतोय?"

"ससून डॉकचा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, खिडकी थोडी वर केली आणि डबा उघडून थेपले खाऊ लागले. मलाही एक दिला.